ब्लॉगवरची खूण

मार्गशीर्ष लागला की चंद्रकांताबाईंचा फोन त्यांना ओळखेनासा व्हायचा. अंगठा टेकवला की फोन थरथरायचा आणि पुन्हा प्रयत्न करा म्हणायचा. यात बिचाऱ्या फोनचा काही दोष नव्हता. पहाटेपासून शाळेची वेळ होईपर्यंत बाई सासूबरोबर वलांडीवर बोंबील वाळत घालत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूंवर ताणलेल्या दोरीवर टाकायची. बोंबील अंगाने लोण्यासारखा मऊ, पण त्याच्या जबड्यात सुयांसारखे बारीक दात. पंधरा दिवस हे काम केलं की अंगठ्यावरच्या रेघा पुसून जातात. मग फोनने तरी कशावरून ओळखायचं?

बाई मूळच्या समुद्राच्या नव्हेत. वडील बोईसरच्या कारखान्यात होते, त्यामुळे त्यांचं लहानपण तिथल्या चाळीत गेलं. तारापूरच्या खालच्या अंगाला असलेल्या या मच्छीमार गावात त्या अठरा वर्षांपूर्वी दामूची बायको होऊन आल्या आणि त्याच वर्षी इथल्या शाळेत शिक्षिका झाल्या. पहिल्या वर्षी बोंबील हातातून सटकायचे तेव्हा सासू रखमा म्हणाली होती, "खडू धरतीस तसा धर नको, पोरीचा कान धरतीस तसा धर." बाईंना ते लगेच जमलं.

यंदा मात्र बोंबीलच रुसला होता. डोलीच्या जाळ्याला लागलेला माल दोन टोपल्यांच्या वर जाईना. निम्म्या वलांड्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांवर कावळे उगाच बसून असायचे. घर चाललं होतं ते सासऱ्यांच्या जिवावर. सासरे म्हणजे दादू. सत्तरी उलटलेली, पण भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाण्याला ओढ कमी असते तेव्हा, दामूला घेऊन ते लहान होडीने बाहेर जात आणि पाण्याखालच्या खडकाळ खडपावर गळांची दोरी सोडत. येताना गोबरे मासे आणत, कधी मनगटाएवढी जाड वाम आणत. ते खडप पाण्याखाली कुठे आहे ते दादूंना माहीत होतं आणि दामूला. दुसरं कोणी तिथे कधी दिसलं नव्हतं. हा हिवाळा त्या एका जागेवर निघायचा होता, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

अशा दिवसांत बाईंना पालघरला तीन शनिवारांचं प्रशिक्षण लागलं. विषय, शिक्षकांनी ब्लॉग कसा चालवावा. शिकवायला मासवणच्या शाळेचे भाग्येश सर होते. वयाने बाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला गोड. ते म्हणाले, "घाबरू नका मॅडम. ब्लॉग म्हणजे आपली वहीच. फक्त ती भिंतीला टांगलेली. येणारा-जाणारा कोणीही वाचणार." बाईंनी हे वहीत उतरवून घेतलं आणि अधोरेखितही केलं. पण उतरवून घेतलेलं सगळंच डोक्यात उतरतं असं थोडंच आहे! मुलांना त्या हेच रोज सांगत आल्या होत्या.

पहिला लेख चढवायला त्यांना दोन रविवार लागले. एकदा सगळं टाइप केलेलं उडालं. एकदा सातचा पाढा उलटा दिसायला लागला आणि तो सुलटा कसा करावा ते कोणालाच सांगता येईना. शेवटी पाढे चढले, कोनांचे प्रकार चढले. खाली किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा दिसे. तो अकरावर गेला तेव्हा बाई हरखल्या. मग ध्यानात आलं की त्यातल्या आठ वेळा आपणच उघडून पाहिलंय.

सहावीला छेदणाऱ्या रेषा चालू होत्या. पोरं व्याख्या घडाघडा म्हणत, दोन रेषा ज्या बिंदूत एकमेकींना छेदतात त्याला छेदनबिंदू म्हणतात. पण डोळे कोरेच. एका दुपारी किंजल नावाच्या मुलीने हात वर केला.

"बाई, त्या बिंदूत असतं काय?"

"काय म्हणजे? बिंदू असतो."

"मंग तो कशाला शोधायचा?"

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा दादू ओट्यावर बसून दोरीला गळ बांधत होते. बाईंनी त्यांना गंमत म्हणून तो प्रश्न सांगितला.

दादूंनी मानही वर केली नाही. "बिंदूत गोबरा असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? समुद्रात पाटी लावलीय का, खडप इकडं म्हणून? दोन रेघा मारायच्या. जिथं मिळतील तिथं दोरी सोडायची."

बाई तिथेच पायरीवर बसल्या. आजवर या घरात दादूंना असं कोणी काही विचारलं नव्हतं. दामूला जे ठाऊक होतं ते ठाऊक होतं. नातू कॉलेजला पालघरला आणि तो आला तरी मोबाइलमध्ये. सून शाळेतली बाई, ती विचारतेय, म्हातारा खुलला. तंबाखूची डबी, चहाचा कप, काडेपेटी असं एकेक ओट्यावर मांडत त्यांनी सांगितलं. "हा देवळाचा कळस. त्याच्या मागं टेकडीवरचा एकला ताड. ताड कळसाच्या डाव्या अंगाला चिकटला की पयली रेघ लागली. ती सोडायची नाय. तिच्यावरनं भाईर जायचं, आन् दक्षणेला बघत ऱ्हायचं. धुराच्या चिमणीच्या आड बर्फाच्या कारखान्याची टाकी गेली की थांबायचं. खाली गोबरा."

"किती सोपं आहे हो बाबा!"

"मंग!" दादू म्हणाले आणि मिशीत हसले.

बाईंना त्या रात्री किंजलच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याचा एवढा आनंद झाला की जेवणाची भांडी तशीच राहिली. चौकटीच्या कागदावर त्यांनी किनारा काढला, कळस, ताड, चिमणी, टाकी, सगळं नावानिशी. लाल पेनाने दोन रेघा मारल्या. जिथे मिळाल्या तिथे एक ऐसपैस मासा काढला. शेजारी दादूंचा गळ बांधतानाचा फोटो लावला आणि वर मथळा दिला, 'गोबरा कुठे राहतो?'

दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं बाकावर उभी राहून खिडकीतून कळस आणि ताड शोधत होती. किंजलने स्वतःहून फळ्यावर छेदनबिंदू काढला. दोन दिवसांत आकडा दीडशेच्या पुढे गेला आणि या वेळी त्यात बाई एकट्या नव्हत्या.

सर्वांत खूष होते दादू. वाचता येत नव्हतं, पण फोटो दिसत होता. बाईंचा फोन मागून घेऊन ते बंदरावर गेले आणि दिसेल त्याला थांबवून म्हणाले, "बघ, शिकवनीत घेतलंय मला." खाडीपलीकडच्या गावचा झुंबर नावाचा म्हातारा त्या दिवशी जाळ्याचं सूत घ्यायला आला होता. त्यालाही दाखवलं. झुंबर आणि दादू तरुणपणापासूनचे एकमेकांवर डोळा ठेवून असलेले मच्छीमार. झुंबरने फोटो नीट पाहिला आणि बरोबरच्या पुतण्याला म्हणाला, "खाली काय लिवलंय ते वाच रं."

पुढचा भांग आला. दादू आणि दामू पहाटे निघाले आणि अकराच्या सुमाराला परतले. इतक्या लवकर ते कधी येत नसत. रविवार होता, बाई वलांडीखाली वाळलेले बोंबील काढत होत्या. होडी ओढून झाल्यावर दादू सरळ त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. टोपलीत दोन तळहाताएवढे मासे होते.

"तिथं तीन होड्या उभ्या," ते म्हणाले. "पलीकडची पोरं. मी म्हटलं, तुमी हितं कसं? तर म्हणतात, आजोबा, तुमचाच फोटू बघून आलो. हात जोडतायत वर."

बाईंच्या हातातली जोडी तशीच राहिली.

"तू समदं लिवलंस? कळस, ताड, टाकी?"

"हो बाबा. तुम्हीच तर सांगितलंत."

"तुला सांगितलं," दादू म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही आणि त्याचीच बाईंना जास्त भीती वाटली. "तुला सांगितलं. जगाला नाय."

ते गेल्यावर दामू हळूच म्हणाला, "खूण अशी बोलायची नसते गं. मला बाबांनी लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितली. होडीत दोघंच होतो, आजूबाजूला पाणी, तरी कानात सांगितली."

"मग मला आधी का नाही कोणी बोललं?"

मासा पाण्यात राहतो हे सांगावं लागतं का, असं काहीतरी दामू पुटपुटला. रखमा मात्र दोरीपलीकडून बोललीच, "मला पन्नास वर्सांत सांगितली नाय. बरंच केलं म्हणा, माज्या पोटात काय ऱ्हात नाय. पण तू तर शिकलेली, आन् तूच भिंतीवर लावलीस?"

त्या दिवसापासून दादूंनी सुनेशी बोलणं टाकलं. भांडण नाही, तंटा नाही. बाई ताट वाढत, ते जेवत. समोर बसून रखमाला सांगत, "सुनेला सांग, कालवणात मीठ जास्त झालंय." बाई तीन हातांवर उभ्या असत. रखमाही मग तितक्याच गंभीरपणे वळून म्हणे, "मीठ जास्त झालंय गं." एरवी याचं कोणालाही हसू आलं असतं.

बाईंनी लेख काढून टाकला. रेघा गेलेला अंगठा, फोन उघडेना, आकडे दाबून उघडला आणि तो मासा, त्या लाल रेघा, सगळं पुसलं. पण दुसऱ्याच दिवशी भाग्येश सरांचा फोन आला. आनंदाने त्यांचा श्वास पुरत नव्हता.

"मॅडम, तुमचा पाठ सगळ्या तालुक्यात फिरतोय! मी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. पुढच्या शनिवारी पालघरला सगळ्यांसमोर तो तुम्हीच सादर करायचा."

"सर, तो काढून टाका."

"आता कसा निघणार? वैतरण्यापर्यंतच्या शाळांत पोचला. का, काय झालं?"

"काही नाही. मी ब्लॉग बंद करतेय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांना रडू आलं ते खूण गेली म्हणून नव्हे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी आपलं शिकवणं आवडलं होतं आणि नेमकं तेच घरावर उलटलं होतं, म्हणून आलं.

वर्गातही कळलं होतं. किंजल वही तपासून घ्यायला आली तेव्हा खाली बघत म्हणाली, "बाई, बाबांनी सांगितलंय, घरातलं काय बाईंना सांगायचं नाय." बाईंनी वहीवर बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.

भांग संपला, उधाण येऊन गेलं. दादू रोज ओट्यावर बसत, पण गळ बांधत नव्हते. एके दुपारी चारच्या सुमाराला खाडीपलीकडचा झुंबर अंगणात आला. खांद्यावर ओलं पोतं होतं. पोतं त्याने उंबऱ्यावर ठेवलं आणि उघडलं. आत मोठा गोबरा होता, ओल्या समुद्री गवतात गुंडाळलेला.

"तुझ्या खुणेवरचा," झुंबर म्हणाला. "पयला मासा खूणवाल्याच्या उंबऱ्यावर, हे आपल्या बापांचं चालत आलेलं. पोरं इसरली. मी नाय इसरलो."

दादूंनी माशाकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "पोरं कुठं हायत?"

झुंबर ओट्याच्या कडेला टेकला. "पोरं हायत. होडी नाय. उधाणाच्या आदल्या दिवशी ओहोटीला निघाली, ती खडकावर गेली. बूड फुटलं. तिघं डब्यांना धरून तरंगत होती, मागनं आमचीच दुसरी होडी गेली म्हणून घावली. पुतण्याचा हात मोडलाय. बाकी बरी हायत."

"खडकावर? कुठनं गेली?"

"तुझ्याच रेघेवरनं. ताड कळसाला लावून सरळ."

"सरळ?" दादू उठून उभे राहिले. "ओहोटीला सरळ? मधी म्हातारी हाय की!"

म्हातारी हे त्या खडकाचं नाव. भरतीला ती बुडते, ओहोटीला पाण्याच्या हातभर खाली येऊन बसते.

"ते सुनेच्या लिवण्यात नव्हतं," झुंबर म्हणाला. त्याच्या बोलण्यात ठपका नव्हता, नुसतं सांगणं होतं.

बाई दारात उभ्या होत्या. आता तीन पोरांचंही आपल्याच माथी येणार, त्यांना वाटलं.

दादू पुन्हा खाली बसले. "तिच्या लिवण्यात कुठनं येनार? मीच सांगितलं नाय. तिथं आलो की माजा हात आपला आपण सुकाणू फिरवतो. ते सांगायचं असतं हेच मला कधी सुचलं नाय." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "तीन पोरं, झुंबर. माज्या अर्ध्या सांगण्यानं."

"हायत ना पण," झुंबर म्हणाला. "बस झालं."

मग त्याने दादूंना हाताला धरून अंगणाच्या कोपऱ्यात नेलं. खुणेवर मासा मारला तर खूण द्यायची, हीसुद्धा जुनी रीत. दोघं म्हातारे वलांडीच्या खांबाशी उभे राहिले, झुंबरने दादूंच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. दादूंनी दोनदा मान हलवली. रखमाने मुद्दाम चुलीकडे पाठ वळवली, तिला काही ऐकायचंच नव्हतं.

परत ओट्यावर आल्यावर दादूंनी हाक मारली. रखमाला नव्हे. "चंद्रा!"

अकरा दिवसांनी ते नाव त्यांच्या तोंडून आलं होतं. बाई पदर सावरत पुढे आल्या.

"तुझी ती भिंत हाय का अजून?"

"बंद करणार होते बाबा."

"बंद कर नको. बस हितं. म्हातारी लिही. कुठनं दिसते, कवा दिसत नाय, समदं. माशाची नको, खडकाची लिही."

बाई कागद घेऊन बसल्या. आता त्यांनी घाई केली नाही. प्रत्येक खूण दोनदा विचारली, ओहोटीला काय, भरतीला काय, धुकं असलं तर काय. दादू सांगत, झुंबर खोडून काढी. म्हातारीला मशिदीचा मिनार लावायचा की शाळेचं कौल, यावर दोघांची चांगलीच जुंपली. शाळेचं कौल काढून पत्रा टाकला तेव्हा कितीतरी वर्षं झाली, हे बाईंनी सांगितल्यावर दोघांनी मिनारच धरला. मग म्हातारीनंतर 'दोन भाऊ' आले, त्यांच्यानंतर 'वाकडी' आली. हळूहळू शेजारचे चार-दोन म्हातारे येऊन टेकले. कोणाचा काका जिथे बुडाला तो खडक, कोणाचं जाळं जिथे दरवर्षी फाटतं तो. कधी कोणी एकमेकांना सांगितलेलं नव्हतं, कारण खूण म्हटली की तोंड मिटायचं, एवढंच सगळ्यांना शिकवलं होतं. दिवेलागण झाली तेव्हा कागदावर सात खडक होते आणि रखमाने गोबऱ्याचं कालवण सगळ्यांना पुरेल असं पातळ केलं होतं.

बाईंनी ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. म्हाताऱ्यांनी दोन चुका काढल्या. त्या दुरुस्त करून त्यांनी लेख चढवला, 'इथून होडी नेऊ नका.' दामूने तो बंदरावरच्या सगळ्यांना पाठवला आणि झुंबरच्या पुतण्याने, मोडका हात गळ्यात, उरलेल्या हाताने आपल्या गावाला.

शनिवारी पालघरला बाईंनी हा खडकांचाच पाठ दाखवला. भाग्येश सर म्हणाले, "मॅडम, तो गोबऱ्याचाच पाठ जास्त गोड होता."

"तो आमच्या घरचा आहे सर," बाई म्हणाल्या. "हा सगळ्यांचा."

सरांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. मनोरकडच्या एका शिक्षिकेने विचारलं, आमच्याकडे समुद्र नाही, मग आम्ही काय लिहायचं? बाई म्हणाल्या, "मुलांच्या आजोबांना विचारा. आणि लिहायच्या आधी त्यांनाच पुन्हा विचारा, हे लिहू का म्हणून."

दुसऱ्या दिवशी भांग लागणार होता. दादू ओट्यावर दोरी पसरून गळ बांधत होते. खडपावर आता गर्दी राहणार, हे त्यांनी मनात धरलं होतं. झुंबरने दिलेली जागा लांबची होती, पण कोणी न पाहिलेली. दामू डिझेल आणायला गेला होता. रखमा वलांडीखाली होती. दादूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि बाईंना खुणेने जवळ बोलावलं.

"झुंबरची खूण सांगतो," ते हळूच म्हणाले.

बाई मागे सरकल्या. "मला नको बाबा. ह्यांना सांगा."

"त्याला सांगनारच हाय. पण तो त्या वाट दाखवनाऱ्या मशिनीत भरून ठेवील, आन् मशीन काय, कोनीबी उघडतं. आन् मी काय जन्माला पुरलोय? घरात एका तरी डोक्यात नीट ऱ्हायला पायजे. इकडं कान कर."

"मी बाई माणूस, मी कुठे होडीवर जाणार?"

"जायाचं नाय. ठेवायचं."

बाईंनी कान पुढे केला. म्हाताऱ्याच्या मिशा कानाला टोचल्या, तंबाखूचा वास आला. चार नावं, दोन रेघा आणि या वेळी वाटेत काय आहे, होडी कुठे वळवायची, तेही. बाईंनी डोळे मिटले तेव्हा रेघा आपोआप एकमेकींना मिळाल्या.

"आता तू म्हण," दादू म्हणाले.

बाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि एकेक शब्द सावकाश म्हटला.

"बरोबर," दादू म्हणाले आणि पुढचा गळ बांधायला लागले.